शिकलगार ते सिरॅमिक : ठाणे-कल्याणच्या चकाकीचा इतिहास

महाराष्ट्रातील मुसलमानांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोनच वाटा मळलेल्या आहेत. एक दरबाराची आणि दुसरी दर्ग्याची. बहमनी, निजामशाही, आदिलशाही यांच्यावर ग्रंथ झाले. सूफी संतांवर आणि त्यांच्या मराठी रचनांवरही झाले. ते व्हायलाच हवे होते. परंतु या दोन वाटांच्या मधून जो मोठा समाज चालत आला तो हातात हत्यार घेऊन चालत आला. पिंजारी, मोमीन, अत्तार, तांबोळी, कलईगर, शिकलगार ही आमची आडनावे म्हणजेच त्या समाजाचे दफ्तर. ते दफ्तर उघडून वाचण्याची सवड आमच्या अभ्यासकांना फारशी झालेली नाही.

या लेखात आम्ही त्यातला एकच हुन्नर घेतला आहे : वस्तूला चकाकी आणण्याचा. त्याचे आजचे रूप ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर दिसते. गॅरेजच्या दाराशी, पत्र्याच्या शेडखाली, मोटारीच्या बॉनेटवर वाकून कुणीतरी गोल गोल घासत असतो. गाडीला कोणते पॉलिश लावावे हा काय वार्षिकात लिहिण्याचा विषय झाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. परंतु सच्चर समितीने २००६ साली मुसलमानांच्या रोजगाराचे जे चित्र मांडले, त्यात पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या हातावर पोट असणाऱ्यांचे प्रमाण मोठे होते, आणि ज्या धंद्यांत आमची माणसे ठळकपणे दिसतात त्यांत मोटारींच्या दुरुस्तीचा धंदा होता. म्हणजे हा विषय आमच्या चुलीपर्यंत येतो. शिवाय वाचकांपैकी अनेकांच्या दाराशी आता गाडी उभी आहे, आणि दुकानात डब्यांच्या रांगेसमोर उभे राहिल्यावर काय घ्यावे हे कळत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर डब्यावर लिहिलेले नसते; ते रंगाच्या इतिहासात आहे.

सुरुवात शिकलगारापासून करावी लागते. अरबीतला ‘सैकल’ म्हणजे घासून आणलेली झिलई. त्यावरून फारसीत सैकलगर आणि मराठीत शिकलगार. तलवार घडवणारा लोहार वेगळा आणि तिला पाणी दिल्यावर धार व चमक आणणारा शिकलगार वेगळा. त्याची सामग्री साधी होती : सहाण, पाणी, तेल, चामडे आणि कुरुंदाची पूड. हा कुरुंद दगड दक्षिण हिंदुस्थानातला. इंग्रजांनी त्याचे नावसुद्धा दक्षिणी भाषांतूनच उचलले. रत्नांना पैलू पाडणारे कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून तिची चाके बनवत. आता गंमत अशी की रसायनशास्त्राच्या भाषेत कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, आणि आज गाडीच्या ‘कंपाउंड’च्या डब्यात घासण्याचे काम बहुतेक वेळा हाच पदार्थ करतो. दाणा बारीक झाला, डबा रंगीत झाला, नाव परदेशी झाले. आत शिकलगाराचीच पूड आहे.

शिकलगाराचे मर्म त्याने काय लावले यात नव्हते, किती काढले यात होते. जास्त घासले तर पाते झिजते, कमी घासले तर गंज राहतो. मौलाना रूमींच्या मसनवीच्या पहिल्या दफ्तरात चिनी आणि रूमी कारागिरांच्या पैजेची गोष्ट आहे, ती आमच्या वाचकांना परिचित असेल. चिनी मंडळी शेकडो रंग मागवून भिंत रंगवतात. रूमी मंडळी रंग मागतच नाहीत, समोरची भिंत नुसती घासत बसतात. पडदा सरकतो तेव्हा चिन्यांचे सारे चित्र घासलेल्या भिंतीत अधिक झळाळीने उमटते. इमाम गझालींनी हीच गोष्ट आधी सांगितली होती, पण त्यांच्याकडे रंगवणारे रूमी आणि घासणारे चिनी. सूफींनी त्यातून दिलाच्या आरशाचा अर्थ काढला, तो त्यांचा प्रांत. आम्हाला इथे एवढेच नोंदवायचे आहे की आरसे धातूचे असण्याच्या काळात घासणे ही सर्वांच्या ओळखीची कारागिरी होती, आणि गोष्टीतला तांत्रिक भाग अगदी बरोबर आहे. चकाकी म्हणजे सपाटपणा. पृष्ठभागावर ओरखडे असले की प्रकाश विखुरतो आणि रंग मंद दिसतो. ओरखडे काढले की तोच रंग उजळतो. त्यासाठी वर काही फासावे लागत नाही.

तलवारी गेल्या, सवारी राहिली. १८५३ साली मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आली, तशी स्टेशनाबाहेर टांग्यांची, बग्ग्यांची गर्दी झाली. लाकडी गाडीला जवसाच्या तेलात चंद्रूस वगैरे राळ शिजवून केलेले रोगण लागे. एक हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा हात द्यायचा. चांगल्या बग्गीचे काम पुरे व्हायला आठवडे लागत. घरच्या लाकूडसामानाला चपडा लाखेचे पॉलिश होत असे. कापडात कापूस बांधून केलेल्या गोळीने ते चढवायचे, आणि हात जरा थांबला की डाग पडलाच. पहिल्या मोटारी रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांना रंग देण्याची पद्धतही बग्गीचीच होती. त्यामुळे बग्गी रंगवणारा हात मोटारीकडे वळायला नवे काही शिकावे लागले नाही.

खरा बदल अमेरिकेत झाला. १९२३-२४ च्या सुमारास ड्युपाँ कंपनीने नायट्रोसेल्युलोजचा, फवाऱ्याने मारण्याचा आणि झटपट वाळणारा रंग बाजारात आणला. त्याचे नाव ड्यूको. आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे हे नाव इतके रुळले की रंग कोणत्याही कंपनीचा असो, जुने मिस्त्री ‘डुको मारला’ असेच म्हणत. पुढे त्याला ‘एनसी’ म्हणू लागले. या रंगाचा एक गुण आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. तो फवाऱ्यातून बाहेर पडतो तेव्हा पुरता चमकत नाही. पाच-सहा हात मारायचे, वाळल्यावर पाण्यात भिजवलेल्या कागदाने सपाट करायचे, मग रबिंग कंपाउंडने घासायचे, मग पॉलिश, आणि शेवटी मेण. चमक येते ती घासणाऱ्याच्या मनगटातून. म्हणजे शिकलगाराची विद्या जशीच्या तशी मोटारीवर उतरली.

आमच्या भागात ही विद्या फोफावली त्याला कारण प्रीमियर. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकन गाड्या व नंतर फियाट बाहेर पडू लागल्या. १९६४ पासूनची फियाट ११००, जिचे पुढे पद्मिनी असे नामकरण झाले, ती मुंबईची टॅक्सी झाली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट आणि पाठोपाठ डोंबिवलीची वसाहत उभी राहिली. ठाण्यातच कलर-केमचा रंगद्रव्यांचा कारखाना होता. प्रीमियरचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर उभा राहिला आणि १९९० च्या दशकात तिथे फ्रेंच पूजो कंपनीच्या भागीदारीत पूजो ३०९ बनली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली, १९९७ मध्ये फ्रेंच निघून गेले, आणि त्या पट्ट्यात आता उंच इमारती आहेत. प्रीमियर कॉलनी हे नाव मात्र लोकांच्या तोंडी उरले.

पद्मिनी टॅक्सीचे दरवर्षी आरटीओत पासिंग असे. पासिंगच्या आधी डेंटिंग, लांबी, रंग, रबिंग ही सारी कामे निघत. लांबी म्हणजे खड्डे बुजवण्याचा लगदा. ती भरून, वाळवून, घासून पत्रा एकसारखा करणे हे सर्वांत किचकट काम आणि उस्ताद ते स्वतःच्या हातात ठेवी. शागीर्द पोरगा पहिली दोन वर्षे फक्त कागद घासायचा. हा ‘वॉटर पेपर’ कुठून आला हेही सांगायला हवे. १९२१ साली अमेरिकेतील थ्री-एम कंपनीत फ्रान्सिस ओकी याने पाण्यात टिकणारा सँडपेपर तयार केला. मोटारींच्या रंगात तेव्हा शिसे असे. कोरडे घासताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जाई. पाण्याने धूळ बसते. म्हणजे त्या कागदाच्या जन्मामागे कामगाराचे आरोग्यही होते. आमच्या गॅरेजांत तो कागद आला तो मात्र ‘फिनिशिंग चांगले येते’ म्हणून. घाई असली की कोरडेच घासले जाई, आणि तोंडाला फार तर रुमाल.

याच काळात सिलिकोन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पॉलिशच्या डब्यांत सिलिकोनचे तेल पडू लागले. फडका सहज फिरतो, घाम न गाळता झळाळी येते, पाणी घरंगळते. ग्राहक खूश. परंतु रंगारी या डब्याला गॅरेजमध्ये पाऊल ठेवू देत नसत, आणि त्यांचे बरोबर होते. सिलिकोनचा अंश पत्र्यावर राहिला तर नवा रंग तिथे पसरत नाही, आखडतो, आणि गोल खड्डे पडतात. माशाच्या डोळ्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना ‘फिश आय’ म्हणतात. ज्याला पुढे गाडी पुन्हा रंगवायची आहे त्याने झटपट चमकणाऱ्या द्रवाच्या बाटलीपासून दूर राहावे, हा सल्ला आजही जुना झालेला नाही.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि कारखान्यात भट्टीत भाजलेल्या रंगाची सवय लागली. पाठोपाठ मेटॅलिक रंग आले, आणि त्यांच्यावर काचेसारखा पारदर्शक थर आला, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. उस्तादाच्या पायाखालची जमीन सरकली ती इथे. हा थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा पातळ. त्यातले फार तर काही मायक्रॉनच काढण्याची मुभा, कारण उन्हापासून रंग वाचवण्याचे कामही त्याच थराकडे. एनसीच्या जाड थरावर दर सहा महिन्यांनी मनसोक्त रबिंग करणाऱ्या हाताने नव्या गाडीवर तेच केले, आणि बॉनेटच्या कडांवर, दारांच्या उंचवट्यांवर क्लिअर उडाला. एकदा उडाला की पॉलिशने परत येत नाही; रंगवणे हाच उपाय. लोकांनी दोष कारागिराला दिला. कारागिराला हे शिकवले कुणी होते? बड्या कंपन्यांचे प्रशिक्षण त्यांच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरपुरते. शेडखालच्या उस्तादाला नवा रंग कळला तो गाड्या बिघडवून, आणि नुकसानभरपाई खिशातून देऊन.

म्हणून डबा निवडण्याआधी आपला रंग कोणत्या जातीचा आहे ते पाहावे. (रंगाला जात असायला आमची हरकत नाही.) दाराच्या आतल्या कोपऱ्यावर, जिथे कुणाची नजर जात नाही, पांढऱ्या फडक्याने थोडे सौम्य पॉलिश घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग उघडा आहे, म्हणजे जुन्या पद्धतीचा. फडका पांढराच राहिला तर वर क्लिअर आहे. उघड्या रंगावर पांढुरकी धूळ धरलेली असेल तर बारीक कंपाउंड चालेल. क्लिअरवर खरखरीत कंपाउंड लावूच नये. आधी सर्वांत सौम्य पॉलिश एका वितीवर करून पाहावे आणि त्याने भागले तर तिथेच थांबावे. बाजारात पॉलिश आणि वॅक्स हे शब्द एकाच डब्यावर छापलेले असतात, त्याने फसू नये. पॉलिश काढते, वॅक्स झाकते. डब्यावर स्क्रॅच, ऑक्सिडेशन, क्लीनर असे शब्द असले तर त्यात घासणारे काहीतरी आहे असे समजावे. ‘तीनात एक’ म्हणणारा डबा तिन्ही कामे थोडी थोडी करतो.

आता मेणाकडे. मेण आमच्या जिल्ह्याला नवे नाही. शहापूर-मुरबाडच्या जंगलातल्या पोळ्यांतून मध निघाला की मागे मेण उरते. उर्दूत ज्याला मोम म्हणतात तेच. पण मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, आणि मे महिन्यातल्या उन्हात काळ्या गाडीचा पत्रा त्याच्या आसपास किंवा वर सहज जातो. मेण मऊ पडले की धूळ चिकटते. ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागात कार्नोबा नावाचा ताड आहे. पानातले पाणी उडू नये म्हणून तो पानावर मेणाचा थर धरतो. हे मेण ८२ अंशांच्या पुढे वितळते आणि वनस्पतिजन्य मेणांत सर्वांत कठीण समजले जाते. जॉन्सन वॅक्स कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ साली विमानाने अमेरिकेतून ब्राझीलला गेले ते याच ताडाच्या शोधात. नुसता कार्नोबा दगडासारखा असतो, चोळताच येत नाही. त्यामुळे डब्यात तो इतर मेणांत आणि टर्पेंटाइनसारख्या द्रावकांत मिसळलेला असतो. ‘शंभर टक्के कार्नोबा’ याचा अर्थ डब्यातले सगळे कार्नोबा असा होऊ शकत नाही.

मेणाने चमक फारशी वाढत नाही. गडद रंगाला थोडी खोली येते एवढेच. त्याचा उपयोग वेगळा आहे. आपल्या हवेतले जे काही पडते ते आधी मेणाला खाते, रंगाला नंतर. आणि आपल्या हवेत काय पडते हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला आणि मुख्यमंत्र्यांना येऊन पाहावा लागला. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशी तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. गाडीवरचे डाग हा त्यापुढे अगदीच क्षुल्लक प्रश्न. पण जो थर क्लिअर कोटला खातो तो श्वासातही जातो, आणि बॉनेटवर तो निदान दिसतो. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्याची तऱ्हा निराळी : तिथे बांधकामाचे सिमेंट उडते, दवात भिजते आणि काचेवर, पत्र्यावर घट्ट बसते. ते कोरड्या फडक्याने पुसणे म्हणजे कुरुंदाने घासणेच. सोसायट्यांत सकाळी एका बादलीत आणि एका फडक्यात दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे जे गोल ओरखडे दिसतात त्यांचा उगम बहुतेकदा त्या बादलीत असतो. बादली बदलली, वेगळा फडका दिला, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ दिली, तर निम्मे पॉलिश लागणारच नाही. डिझेलचा हात मारून गाडी काळीभोर करण्याची जी रीत आपल्याकडे आहे तिने चमक संध्याकाळपर्यंत टिकते, धूळ आठवडाभर चिकटते आणि रबर फुगते ते वेगळेच.

टेफ्लॉनच्या नावाने मध्यंतरी बराच व्यापार झाला. टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळते. कढईवर ते बसते ते भट्टीत भाजून. फडक्याने चोळून गाडीच्या रंगावर तसे बसणार नाही. आताची लाट सिरॅमिकची. यात मात्र तथ्य आहे : सिलिकॉनची ही संयुगे वाळून रंगाला घट्ट धरतात, मेणापेक्षा पुष्कळ जास्त टिकतात, पक्ष्यांची विष्ठा आणि आम्ल काही काळ थोपवतात. पण ‘९एच कडकपणा’ म्हणून जे सांगतात तो आकडा पेन्सिलीच्या शिशाचा आहे, ९एच पेन्सिलीने ओरखडा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. हिऱ्या-माणकांचा कडकपणा ज्या मोजपट्टीवर मोजतात तिच्याशी त्याचा संबंध नाही. दगडाने गाडीवर ओरखडा उठायचा तो उठतोच. आणि सिरॅमिकखाली जे ओरखडे असतील ते त्यातच कोंडले जातात, म्हणून आधी घासण्याचे काम चोख व्हावे लागते. मोठ्या दुकानात जे हजारो रुपये मोजले जातात त्यातले खरे काम या घासण्याचे असते. ते करणारा पोरगा बहुधा महिन्याच्या पगारावर असतो, आणि दुकानाच्या पाटीवर नाव बाटलीचे असते.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. तिच्याबरोबर एनसी रंगाचे नेमाने येणारे काम संपले. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांना मात्र असा हात हवा असतो, आणि तो आता शोधावा लागतो. बाकी गॅरेजांत पीयू रंग चालतो. तो फवाऱ्यातूनच चमकदार निघतो, रबिंग फारसे लागत नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमालाने ते अडत नाही. साध्या धुळीच्या मुखवट्यानेही नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो, निदान सेंद्रिय वाफेची पुडी असलेला आणि ती पुडी वेळेवर बदललेला. कल्याणच्या पत्रीपुलापासून शीळफाट्यापर्यंत ज्यांची गॅरेजे आहेत, त्यांच्यापैकी वाचक असतील तर त्यांनी पुढचा डबा घेताना मुखवट्याची किंमतही ग्राहकाच्या बिलात धरावी.